कॉम्प्युटरातल्या नऊ हीट

७ एप्रिल, सोमवार

सात! आजही सातच!

माझ्या कॉम्प्युटरवरची भट्टी एका पाळीत नऊ हीट काढते. भंगार भरा, वितळवा, वरची मळी काढा, रस साच्यांत ओता — झाली एक हीट, की पुन्हा भंगार. स्क्रीनवर सगळं कसं झकास चालतं. आणि पत्र्याच्या शेडखालची खरी भट्टी सातवर अडून बसते! मापं मीच घेतलीत. मार्चमध्ये, भट्टीसमोर उभी राहून, मोबाइलचं घड्याळ लावून. मग घोडं पेंड खातंय कुठे?

भाविकशेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, येता-जाता विचारतात, "दिपाली, तुमचा सिम्युलेशन काय बोलतो?" बोलतो म्हणे! त्याला तोंड असतं तर आधी मलाच शिव्या घातल्या असत्या.

९ एप्रिल

मॉडेलमध्ये भंगार हलकं धरून पाहिलं. क्रेन हळू करून पाहिली. वीज मध्येच घालवून पाहिली. नऊवरून फार तर साडेआठवर उतरतं! डोकं फुटायची वेळ आलीय. गावाहून, वैशाखऱ्याहून आईचा फोन — "जेवलीस का गो?" उगाच तिच्यावर खेकसले.

१० एप्रिल

मीटिंग. मी सांगायला गेले की मॉडेल अजून कच्चं आहे, तर भाविकशेठनी हातच वर केला. "मॉडेल बरोबर आहे. माणसं ढिली आहेत. महिनाअखेरपर्यंत नऊ निघाल्या नाहीत तर ठेकेदाराला सांगून टोळी बदलू."

टोळी म्हणजे भट्टीवर राबणारे भगीरथकाका, तरुण वाळू, काळूराम. सगळे आमच्याकडचेच. भगीरथकाकांचं घर तर आमच्या घराला लागून. मी इथे इंजिनीअर म्हणून आले तेव्हा काका भट्टीवर सगळ्यांना सांगत फिरले होते, "आमच्या वाडीची पोर!" आता माझ्याच आलेखावरून त्यांना घरी बसवणार? इतका संताप आला! पण हो-हो करून चहा पिऊन आले.

११ एप्रिल, शुक्रवार

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. मुरबाडच्या खोलीवर दिवसभर नुसती कुशी बदलत पडले.

१५ एप्रिल

शेवटी ठरवलं, मापं पुन्हा घ्यायची. सकाळपासून घड्याळ घेऊन भट्टीपाशी उभी. पहिली हीट झटपट. दुसरीही. तिसरीलाही नऊचाच वेग! म्हणजे मॉडेल बरोबर! उडी मारावीशी वाटली.

आणि वाळू कोसळला. भंगार टाकता टाकता. नशीब, मागच्या बाजूला पडला — पुढे पडला असता तर? सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"सकाळपासून पाणी प्यायला नाहीस?" मी ओरडलेच. मग भगीरथकाका म्हणाले, "तू हुभी व्हतीस ना गो. तू घड्याळ लावलास का आमी पाण्याला नाय जात. जेवान पन हुभ्याहुभ्या."

"का पण?"

"आपली पोर हाय. तिचा काम सायबाला चांगला दिसाया पायजे. कोन नाव ठेवल तर आमाला बरा वाटंल का?"

"मार्चमध्येही असंच केलंत?"

"तवा पन."

मी चूक क्रेनमध्ये शोधत होते, भंगारात शोधत होते! रडू आलं. रागही आला, काकांचाच! असली कसली ही माया? जीव जाईल एखाद्याचा! त्यांनाही तसंच बोलले. काका कसनुसे हसले. "बरा, चुकला आमचा."

१६ एप्रिल

मॉडेलमध्ये पाणी घातलं, जेवण घातलं, घटकाभर पंख्याखाली बसणं घातलं. उत्तर — सात! दोन्ही भट्ट्या एकदाच्या जुळल्या!

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रस घेऊन जाणारं भांडं आधीच तापवून ठेवलं आणि क्रेन वेळेवर आणली, तर आठवी हीट निघते. कोणाच्या तोंडचं पाणी न काढता! दहा वेळा चालवून पाहिलं. निघतेच. किती दिवसांनी पोटभर जेवले. आईला फोन करून पाऊण तास बडबडले.

उद्या भाविकशेठना सगळं खरं सांगायचं. नऊ का दिसत होत्या ते कळलं की टोळी वाचेल.

१७ एप्रिल

सांगितलं. वाळूसकट सगळं. आठव्या हीटचा आलेख त्यांनी उघडूनही पाहिला नाही. टेबलावर थाप मारली — "म्हणजे नऊ निघतात! तुम्ही समोर असलात की निघतात!"

टोळी बदलायची आता गरज नाही, म्हणाले. शनिवारपासून माझं टेबल भट्टीसमोर.