परत घेतलेला लेख

३ मार्च
आज नोकरीवर रुजू झाले. एकसष्टाव्या वर्षी! सूनबाईने निघताना विचारलं, आई, माऊस धरता येईल ना? म्हटलं, तुझ्या नवऱ्याला बोट धरून चालायला शिकवलंय, माऊस काय चीज आहे!

सगळं चिमणीमुळे. कॉन्व्हेंटमध्ये पहिलीपासून आम्ही एका बाकावर. डबा अगदी टिपून टिपून खायची, म्हणून ते नाव. आता ती नावाजलेली डॉक्टर आणि या वैद्यकीय संग्रहाची प्रमुख. हे गेल्यापासून घरात गंजत चाललीयेस, म्हणाली आणि माझा अर्ज स्वतःच भरला. माझी जन्मतारीखसुद्धा तिला पाठ.

खोलीत भरपूर उजेड आहे. जुन्या वैद्यकीय मासिकांतला एकेक लेख पडद्यावर उघडायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि ठरलेल्या यादीतले विषयशब्द त्याला जोडायचे, म्हणजे पन्नास वर्षांनीही कुणालाही तो सापडेल. शाळेच्या लायब्ररीत सिस्टर कार्डं लावायला शिकवायच्या, तेच की हे!

५ मार्च
शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले संग्रहपाल बसतात. मिश्कील आहेत. त्यांनी मुख्य नियम सांगितला: इथे काहीही पुसत नाहीत. प्रत्येक लेखाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या शहरांत. लेख खोटा निघाला तरी राहतो, फक्त वर 'परत घेतला' असा लाल शिक्का बसतो. आमच्याकडे पाप धुतलं जात नाही बाई, नुसतं नोंदवलं जातं, म्हणाले. पुढे लेख खरा ठरला तर शिक्का निघतो म्हणे. अजून एकदाही निघालेला नाही.

६ मार्च
चिमणीने एक लेख खास माझ्याकडे पाठवला. तिचाच, तीस वर्षांपूर्वीचा, लाल शिक्क्याचा. शिक्क्याखाली कारण: असा रुग्ण अस्तित्वात नव्हता. तेव्हा तिची नोकरी गेली होती. आठवडाभर माझ्या घरी रडत होती, सगळे जळतात म्हणायची. मी विश्वास ठेवला होता.

लेखात एका बाईच्या शेवटच्या आजाराचे सात दिवस आहेत. वय एकसष्ट. विधवा. हनुवटीवर नववीत प्रयोगशाळेत भाजल्याचा डाग. माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. गोष्टीला कुणीतरी हवं होतं, तिने मला उचललं. लबाड कुठली! पण तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि हे चांगले धडधाकट होते.

असो. शब्द जोडले, लेख जतन केला.

७ मार्च
लेखात पहिल्या दिवशी उजवी करंगळी बधिर होते. सकाळी कप उचलला, तर माझी करंगळी लाकडासारखी. वयच झालंय.

८ मार्च
दुसरा दिवस, डाव्या कानात घंटा. वाजतेय. चिमणीला सांगितलं. ती दचकली नाही. तिने स्वतःची वही काढून विचारलं, नेमकी किती वाजता सुरू झाली?

९ मार्च
शब्द जोडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालंय, म्हणून ते काढायला गेले. निघत नाहीत. संग्रहपाल म्हणाले, प्रमुखांची परवानगी लागेल. प्रमुख म्हणजे ती.
तिच्यासमोर उभी राहिले. तिने नाकारलं नाही. म्हणाली, तीस वर्षं खोटारडी म्हणून जगले गं, मला एक खरा रुग्ण हवा होता. दुसऱ्या कुणाचं आयुष्य मला इतकं पाठ आहे? तू समजून घेशील, तू तर माझीच.
माझे डोळे पुसले तिने. स्वतःच्या रुमालाने.

१० मार्च
पाय जड. लेखातही. मुलाला सगळं सांगितलं. त्याने काळजीने मावशीलाच फोन केला— चिमणीला!

११ मार्च
तिच्या दवाखान्यात. मुलाने सही केली, विश्वासाने. डाव्या हाताने लिहितेय. शब्द सुटतात, मग—

१२ मार्च
संग्रहपाल भेटायला आले. मान वर करेनात. म्हणाले, शिक्का फिका पडत चाललाय, बाई.

१३ मार्च
सातवा. शेवटची ओळ माहीत आहे— 'रुग्णेने अखेरपर्यंत स्वखुशीने सहकार्य केले.'
खोटं. मी हो म्हटलेलं नाही. कुणी वाचलंच तर— हो म्हटलेलं नाही.
ती उशाशी बसलीय. अगं, दे बघू ती वही, म्हणतेय, किती मायेने—
द्यायची नाही. नाही देणार. पण हात— माझाच हात पुढे—