नमुन्याच्या पेट्यांतली पत्रं

पांढरकवडा,
१२ डिसेंबर २००६

प्रिय धुरपता,

तुझं शेवटचं पत्र येऊन तीन वर्षं होऊन गेली. मध्ये श्रावणात तुझ्या जीवनचा फोन आला, त्याचे वडील खेमसिंगभाऊ गेल्याचा. मी म्हटलं, आईला दे. तो म्हणाला, "आई झोपली हाय मावशी." सकाळचे अकरा वाजले होते. तू अकरा वाजता कधी झोपत नाहीस, हे मला पंचेचाळीस वर्षांच्या पत्रांतून ठाऊक आहे. तरी मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग तुला चार ओळींचं कार्ड टाकलं, कोणीही टाकेल तसलं. आजचं पत्र लांबणार आहे. कामं उरकून, बसून वाच, आणि आधी एकटीनेच वाच. पुढे कोणाला वाचून दाखवायचं ते शेवटी लिहिलं आहे.

काल तुझी सगळी पत्रं भिंतीवरून उतरवली. उतरवताना पहिलं कोणतं ते शोधत बसले, आणि मग आठवलं की तुझं पहिलं पत्र माझ्याकडे नाहीच. १९६१ साल. आपण दोघी तेरा वर्षांच्या. आमच्या यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी ठरवलं होतं की आठवीच्या प्रत्येक मुलीने जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेतल्या एका मुलीला दर महिन्याला पत्र लिहायचं, म्हणजे आमचं मराठी सुधारेल. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मला फुलसावंगीची शाळा आणि तुझं नाव आलं. बंजाऱ्यांचा तांडा म्हणजे काय, हेही मला माहीत नव्हतं. तू लिहिलं होतंस, "मी तुले पत्र लिहून राह्यली, तू मले लिहिजो." सिस्टर म्हणाल्या, चुका सुधारून परत पाठव. मी शहाणी! लाल पेन्सिलीने अकरा चुका काढल्या आणि खरोखरच पाठवून दिल्या. आठ दिवसांनी तुझं उत्तर आलं, "तुया पत्रातल्या वेलांट्या बराबर हायेत. बाकी काहीच नाही." सिस्टरांना ते उद्धट वाटलं. मला मात्र त्या शाळेत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी बोललं असं वाटलं. त्यानंतर तुला कळवलं तेवढं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी कळवलं नाही.

आपण भेटलो किती? तीनदा. माझ्या लग्नात तू फेटिया-कांचळी घालून, हातभर बांगड्या वाजवत मांडवात आलीस तेव्हा आमच्या आत्याबाई कुजबुजल्या, ही कोण म्हणून. तू ऐकलंस आणि मोठ्याने म्हणालीस, "मी नवरीची मास्तरीण होय, तिले मराठी शिकवलं मी." खेमसिंगभाऊ मात्र मांडवाबाहेर, आपल्या बैलबंडीजवळ उभे राहून जेवले. आत या म्हटलं तर लाजले. एवढा उंच माणूस इतका लाजताना मी पुन्हा पाहिला नाही.

तुझी पत्रं आधी बिस्किटाच्या डब्यात होती, मग ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात. आपल्या काळ्या मातीत वाळवीला काही वर्ज्य नाही. दर दिवाळीला ती उन्हात घालून, झटकून परत ठेवायची. पुढे आमचे सदाशिवराव रिटायर झाले, आणि त्यांचं सरकारी कापूस खरेदी केंद्रही त्याच सुमाराला बंद झालं. तिथे कापसाच्या प्रतीचे नमुने ठेवायच्या लाकडी पेट्या असत, आत पांढऱ्यापासून किडक्या, पिवळट कवडीपर्यंत पुंजके मांडलेले आणि वर काचेचं झाकण. त्या फेकायला निघाल्या होत्या, तर त्यांनी पंधरा घरी आणल्या. तीस वर्षं त्या पेट्यांशी ताडून त्यांनी लोकांच्या कापसाची प्रतवारी केली होती. कशाला आणल्या, विचारलं तर म्हणाले, "राहू दे."

मी आतला कापूस काढून एक उशी भरली. एकेका पेटीत तुझी चार-चार पत्रं उलगडून लावली, आणि ओसरीच्या भिंतीवर पंधरा पेट्या टांगल्या. साठ पत्रं. शाई मागे उतरते म्हणून तू नेहमी कागदाच्या एकाच बाजूला लिहायचीस, त्यामुळे काचेखाली अख्खं पत्र वाचता यायचं. येणारे-जाणारे थांबून वाचायचे आणि हसायचे. म्हैस व्यायली ते पत्र सगळ्यांना आवडायचं. जीवनच्या वेळी तुला सासूने गूळ चोरून दिला तेही. मी रोज सकाळी फडकं मारताना एकेक वाचायची. खरं म्हणजे वाचत नव्हते, धुरपता. मला सगळी पाठ होती. मी फडकं फिरवायची आणि मनातल्या मनात म्हणत जायची.

दिवाळीनंतर शेजारच्या शकील टेलरची गझाला फराळाचं ताट परत द्यायला आली. ती बी.एड. करते. तिला मुलांना पत्रलेखन शिकवायचा पाठ घ्यायचा होता, म्हणून पेट्यांपुढे उभी राहिली. एकेका पेटीपुढून सरकत गेली. मग म्हणाली, "काकू, बुरा मत मानो, पर ये कोरे कागज कायको टांगे?" मला वाटलं, थट्टा करते आहे. चष्मा लावून जवळ गेले. आमची ओसरी पश्चिमेची, दुपारी दोनपासून ऊन थेट भिंतीवर. वडी विरघळवून केलेली तुझी शाळेची शाई कधीच उडून गेली होती. नंतरच्या बॉलपेनच्या पत्रांवर कुठे कुठे ओरखडे राहिले होते, तेवढेच. साठ पिवळे कागद. चार वर्षं मी कोऱ्या कागदांवरची धूळ पुसत होते.

सदाशिवराव तिथेच, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. उजेडाने कापसाचा रंग पालटतो, म्हणून या पेट्या कायम झाकून ठेवाव्या लागतात, हे त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मी विसरले. पण ते? रोज त्या भिंतीसमोर बसतात. मला राग आला. मी म्हटलं, अहो, अक्षरं उडत होती ते तुम्हाला दिसलं नाही? ते म्हणाले, "कायची उडाली? दिसते ना चांगलं. निळी शाई हाय." मी एक पेटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, वाचा. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग म्हणाले, "प्रिय सत्या." आणि थांबले. तुझं प्रत्येक पत्र तसंच सुरू होतं, ते त्यांना माहीत होतं. गझाला ताट घेऊन उभी होती, ती ते खाली ठेवून हळूच निघून गेली.

चार वर्षं मी त्यांना पेपर वाचून दाखवते. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस मायेला आला. पानाच्या कोपऱ्यात रोज जीव दिलेल्या कोणा ना कोणा शेतकऱ्याचं नाव असतं, तेवढं मी गाळून वाचायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही की आज ते नाव कसं नाही.

यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, आजी, हे आजकालचं नाही, दहा वर्षं तरी झाली असतील. पडदाच गेला आहे, वेळेवर आले असते तर काही करता आलं असतं. परतीच्या एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत होते. दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. दहा वर्षं मागे मोजली तर १९९६ येतं. ज्या जानेवारीत सदाशिवरावांची नेमणूक तुमच्या भागातल्या केंद्रावर झाली होती आणि तिथे खेमसिंगभाऊंचा कापूस नाकारला गेला, तो १९९९ चा. मी एसटीतच विचारलं, खेमसिंगभाऊंच्या बंडीचं काय झालं होतं?  उत्तर त्यांनी घरी आल्यावर, बूट काढता काढता दिलं.

ते जे बोलले, ते तसंच लिहिते. त्यांना त्या वर्षी सगळाच कापूस पिवळट दिसत होता. ते हाताने आणि अंदाजाने भागवत होते. रिटायर व्हायला तीन वर्षं होती, डोळे गेले म्हणून घरी बसवतील अशी भीती होती. खेमसिंगभाऊ दोन दिवस बंड्यांच्या रांगेत उघड्यावर होते आणि पहाटे दव पडलं होतं. नंबर आला तेव्हा ते सगळ्यांदेखत आनंदाने म्हणाले, "साहेब, ओळखलं का? आमची घरवाली तुमच्या बाईची मैतरीण होय, पत्रवाली." रांगेतले लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मंग का, खेमसिंगचा कापूस एक नंबरच लागते!" सदाशिवरावांना वाटलं, आता चांगली प्रत दिली तर ओळखीने दिली म्हणतील. त्यांनी वरवर हात लावला. दवाने ओला लागला. आत हात घातला असता तर कोरडा लागला असता. पण आतला पुंजका बाहेर काढला की तो डोळ्यांसमोर धरावा लागतो, आणि तसा धरताना आपल्याला दिसत नाही हे कोणीतरी ओळखेल याची त्यांना रोज धास्ती असायची. म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "वजनासाठी पाणी मारलं हाय. बंडी बाजूले घ्या." खेमसिंगभाऊ म्हणाले, "साहेब, एक डाव आत पाहा." त्यांनी पाहिलं नाही. पुढची बंडी बोलावली.

त्या रांगेत तुझ्या तांड्याच्या सहा बंड्या होत्या, हे मला तुझ्या पत्रावरून माहीत आहे. पुढे काय झालं ते थोडं त्याच पत्रातून आणि बाकीचं जीवनकडून कळलं. खेमसिंगभाऊ तांड्याचे कारभारी. भावाभावांची भांडणं, लेकी-सुनांच्या तक्रारी त्यांच्या शब्दावर मिटायच्या. मग पोरं विचारायला लागली, कापसाले पानी मारनारा कारभारी आमचा न्याय करनार का? त्यांनी कारभारीपण सोडलं. तांड्याच्या नायकाच्या दारात न्यायाची बैठक बसली की हे वावरात निघून जायचे. सात वर्षं. जीवन फोनवर म्हणाला, "बाप बोलतच नव्हता मावशी, आजारी कधी पडला तेही समजलं नाही."

तुझं ते पत्र मी भिंतीवर लावलं नव्हतं. कोणी वाचू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. उजेड न लागल्यामुळे एकसष्टांपैकी तेवढं एकच आज स्वच्छ वाचता येतं. तू लिहिलं आहेस, "सदाशिवदादा खोटं बोलत नाहीत, हे मले माहीत हाय. मी याईले इचारलं, पानी मारलं का? हे नुसते माह्याकडे पाह्यत राह्यले. नाही म्हनले नाहीत. सत्या, तू सांग, मी काय समजू?"

धुरपता, मी त्या वेळी तुला काय उत्तर दिलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी सदाशिवरावांना साधं विचारलंही नव्हतं. मी लिहिलं होतं, "खेमसिंगभाऊंच्या हातून एकदा चूक झाली. तू मोठ्या मनाने त्यांना माफ कर." किती छान वाटलं होतं मला ते वाक्य. तुझं कार्ड आलं, "माफ केलं." एवढंच. त्यानंतर तुझ्या पत्रांत फक्त खुशाली असायची. तू त्यांना खरंच माफ केलंस, माझं ऐकून केलंस, आणि त्यांनी जे केलंच नव्हतं त्याची माफी घेऊन ते सात वर्षं तुझ्यासमोर जेवायला बसले. हे मी तुला कोणत्या शब्दांत सांगू, मला कळत नाही. तू मला माफ कर, असं मात्र मी लिहिणार नाही. तुझ्याकडून आता काहीच मागायचा मला हक्क नाही, तरी एक मागते. हे पत्र जीवनला दे. नायकाच्या दारात लोक बसतील तेव्हा त्याने ते उभं राहून मोठ्याने वाचावं, की खेमसिंगच्या कापसात पाणी नव्हतं, दव होतं, आणि बघणाऱ्याला दिसत नव्हतं. सदाशिवरावांनीही खाली सही करावी म्हणून मी पंधरा दिवस त्यांच्या मागे लागले. ते म्हणतात, "मेलेल्या मानसाले आता कायची प्रतवारी?" आणि हात मागे घेतात. आज सकाळी पेन हातात दिलं, तर त्यांनी ते खाली ठेवून दिलं. माझी एकटीची सही तुमच्या तांड्यात चालेल का, ते जीवनला आधी विचारून घ्यायला सांग.

तुझीच,
सत्यशीला