लाल दिवा एकदाच लागला

अण्णा, आज नगरमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. एकाच माणसापुरत्या, बिनछपराच्या, कॉलेजच्या पोरापोरींनी स्वतः बनवलेल्या गाड्या. सकाळीच रस्ते बंद केले, वळणावळणाला वाळूची पोती रचली आणि लोक गच्च्यांवर चढून बसले. या गाड्यांना आवाज जवळजवळ नसतोच. माझ्या शेजारचे एक आजोबा, जणू हे मीच ठरवलं असावं तसे, कुरकुरले की घरघर नाही तर ही कसली शर्यत. एरवी मी त्यांची फिरकी घेतली असती, पण माझे डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. आमची गाडी नुकतीच सुटली होती, तिच्यात माझी विद्यार्थिनी बसली होती आणि ती गाडी सुटायला नको होती, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

झालं असं, की कालच्या तपासणीत गाडी पास झाली होती, पण नारळ फोडल्याशिवाय ती हलवायची छाती आपल्याकडे कोणाची आहे? पोरांना वीज शिकवते मी, आणि मानाचा नारळही माझ्याच हातात आला. मीही मिरवत पुढे झाले. चाकापुढे नारळ फोडला आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ते गाडीवर शिंपडलं. ते सीटमागच्या फटीतून आत उतरलं, नेमकं बॅटरीच्या जाड केबलच्या जोडापाशी. पोरं टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात लाल दिवा लागला. वीज गाडीच्या सांगाड्यात गळायला लागली की हा दिवा लागतो. मी फडकं घेऊन वाकेपर्यंत तो विझलासुद्धा. दिवा सीटच्या मागे, त्यामुळे पट्टे बांधून पुढे तोंड करून बसलेल्या मुलीला तो दिसला नाही. मी पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. रांगेत जायला पाच मिनिटं होती. वीज गळते का ते दाखवणारा मीटर माझ्या पिशवीत होता.

नेमकं तेव्हाच तुमचं श्रीगोंद्याचं, विहिरींवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आठवावं? मी चौथीत आहे, खंडेनवमी आहे, आणि मोठ्या भक्तिभावाने मी एका शेतकऱ्याच्या तयार मोटारीवर तांब्याभर पाणी ओतते आहे. तुम्ही माझ्या हातातून तांब्या काढून घेता आणि सगळ्यांदेखत मला बाहेर बसवता. ती मोटार तुम्ही पुन्हा उघडलीत, दिव्याच्या उबेला दोन दिवस वाळत ठेवलीत. तिसऱ्या दिवशी शेतकरी आला. मोटार फिरते आहे ना, मग द्या, माझा ऊस जळून चाललाय, असं म्हणत त्याने तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण मीटरचा काटा अजून हवा तिथे जात नव्हता. तुम्ही मोटार दिली नाहीत. आवाजही चढवला नाहीत.

"ऊस वाळला तर परत लावता येतोय," एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या मोटारीतली जळकी तार उपसायला बसलात. माझ्या चुकीसाठी तुम्ही शिव्या खाल्ल्यात, आणि राग मात्र मला तुमचाच आला होता. वाटलं होतं, काय बिघडलं असतं दिली असती तर.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. गाडी येते आहे हे वळणावरच्या हवालदाराच्या शिट्टीवरूनच कळायचं. शिट्टी वाजली की माझा श्वास सुटायचा आणि गाडी पुढे गेली की पुन्हा अडकायचा. सातव्या फेरीला शिट्टी वाजलीच नाही. मी लोकांना ढकलत धावत सुटले. ती बिघाड झाला म्हणून थांबेल, एक पाय रस्त्यावर टेकवेल आणि हाताने सांगाडा धरून उठेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. वळणावर पोहोचले तर पुढची कुठली तरी गाडी पोत्यांवर आदळली होती आणि मागच्या सगळ्यांना थांबवलं होतं. आमची पोरगी जागेवर बसून होती. मला बघून तिने अंगठा वर केला. त्या क्षणी मी तिला उतरवू शकले असते. मीही अंगठा दाखवला.

काही झालं नाही, अण्णा. तिसरा नंबर आला. पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. ही खर्ड्याकडची पोरगी, घरातली पहिलीच इंजिनिअर होणार. जेवताना मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसली.

"मॅडम, आधी मला लई भ्या वाटत हुतं," ती म्हणाली. "पन तुमी मागं वाकून मीटर लावत हुत्या ना, मग न्हाई वाटलं."

मी तिला म्हटलं, जेव आधी, भात गार होतोय.

मी मीटर लावला नव्हता. वेळ नव्हता असंही नाही, एका मिनिटाचं काम होतं. माझा हात पिशवीत गेला होता, मीटरला लागलाही होता. काटा काय सांगेल याची मला भीती वाटली आणि मी हात रिकामाच बाहेर काढला. हे उद्या तिच्या तोंडावर सांगायचं आहे. आधी तुम्हाला लिहून पाहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही आणि तिच्याकडून येईल.