अंगठ्याकडं बघून

पुणे, १४ नोव्हेंबर २०२२

अप्पांना शरणु शरणार्थी, अव्वालाही नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. कामावर जाते, दोन वेळा जेवते. सास्तूरला तुरीला फुलं आली का? अव्वाच्या गुडघ्याची सूज उतरली का?

दिवाळीत ग्रहण लागलं, तेव्हा इथल्या घरमालकीणबाई दारं लावून बसल्या. मलाही म्हणाल्या, "पोरी, आत ये." मी म्हटलं, "आमच्यात ग्रहण पाळत नाहीत." आणि गच्चीवर उभी राहून सूर्य मावळेपर्यंत बघितलं. पापणी न हलवता बघायची सवय तुम्हीच लावलेली.

दुसऱ्या दिवसापासून जिथं बघावं तिथं करडा ठिपका दिसतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा भाजलाय. थोडं भरून येईल, सगळं येईलच असं नाही. दुखत काही नाही. ओळी वाकड्या गेल्यात, त्या मनावर घेऊ नका. अव्वाला वाचून दाखवताना एवढं गाळा.

घरमालकीणबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

एकच विचारायचं होतं. सकाळी पूजेला बसते, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेते आणि नजर लावते. तळहात दिसतो, बोटं दिसतात, मधलं लिंग दिसत नाही. नजर अंगठ्याकडं सरकवली की दिसतं. पण पूजेत नजर हलू द्यायची नाही, असं तुम्ही शिकवलंत.

अशी पूजा चालते का, तेवढं तुमच्या हातानं लिहून कळवा. अक्षर जरा मोठं काढा.

तुमची
महादेवी