चालतंय का?

आळंदी,
११ फेब्रुवारी २०२५

विजयश्रीताई,
सप्रेम नमस्कार.

तू बरी असशील. घरी सगळ्यांना नमस्कार सांग. हे पत्र मी दिवाळीपासून लिहितोय, म्हणजे लिहीत नाहीये. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तुला 'टायपिंग' दिसलं असेल. कागदावर खोडलं तरी खाडाखोड दिसते, म्हणून शेवटी पाकीट आणलं. तुझ्या गावचा, जिंतूरचा पत्ता दिव्यानं दिला, दिघीला तुझ्या खोलीत राहायची तिनं. देताना म्हणाली, "आत्ता आठवण आली का रे?"

मी सध्या आळंदीत एका बॅनरच्या दुकानात आहे. आपल्या लक्ष्मणकाकांच्या छपाईतलं काम सुटल्यावर (मीच सोडलं) आधी चाकणला पॅकिंगला होतो, मग एकाचा टेम्पो चालवला, मग महिनाभर काहीच नाही. इथं पुलावर एक जण बासऱ्या विकतो, त्याच्याशी गप्पा मारताना या कामाचं कळलं. गडी मूळचा उदगीरचा, त्याला स्वतःला बासरी वाजवताच येत नाही, गिऱ्हाइकालाच म्हणतो वाजवून बघा... जाऊ दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पज्या, मुद्द्यावर ये."

तुला ती निळी वही आठवते? काकांनी तीन सॉफ्टवेअर आणली होती आणि मला म्हणाले होते, "डिझाइन गिऱ्हाइकाला दावायचं आन् त्याची मंजुरी घ्यायची. ह्यातलं कंचं बरं, वापरून लिहून दे." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही लिहून मागितलं होतं. पहिल्यात डिझाइनवर जिथं चूक तिथंच शेरा टाकता यायचा, पण गिऱ्हाइकाला आधी खातं उघडावं लागायचं. वर्कशॉपवाले कुठले उघडतात! दुसरं दर वेळी त्यांच्या मोबाइलवर नंबर पाठवायचं, तो टाकल्याशिवाय मंजुरीच नाही. तू म्हणालीस, हेच घ्या. मी वहीत लिहिलं, 'लई कटकट.' तिसऱ्यात शेरेही टाकता यायचे आणि वर नुसती लिंक. कुणीही उघडावी, चौकटीत नाव टाइप करावं, हिरवं 'मंजूर' दाबावं. मी लिहिलं, 'सगळ्यात सोपं.' काकांनी पाठ थोपटली आणि तेच घेतलं.

सोपं कुणाला, ते नंतर कळलं.

मग आबाजींचं काम आलं, ते प्रेस मशीन बनवून कंपन्यांना विकतात ना, त्याच्या पॅनेलचं स्टिकर. दोन्ही बटणं काळी, त्यामुळं सगळी मदार आपल्या स्टिकरवर. डावीकडं 'चालू', उजवीकडं 'बंद'. त्यांचं ड्रॉइंग जुनं वाटतंय म्हणून तू शेरा टाकलास, 'बटणांची जागा मशीनवर तपासून मगच मंजूर करा.' जेवायला जाताना मला म्हणालीस, "आबाजींना फोन कर. हो म्हणाले तरी बटण त्यांनाच दाबू दे."

मला दिघीला एक जुनी बाइक बघायला जायचं होतं. फोन लावला. मागं प्रेसचा धडाधड आवाज. मी ओरडलो, "आबाजी, चालतंय का?" ते ओरडले, "चालतंय की! झकास चालतंय!" मी स्टिकरचं विचारत होतो, ते मशीनचं सांगत होते. लिंक तुझ्या कॉम्प्युटरवर उघडीच होती. चौकटीत 'आबाजी' टाइप केलं, हिरवं दाबलं, फाइल छपाईला धाडली आणि निघालो. बाइक घेतली नाही. चेसिसला गंज होता.

पुढचं तुला माहीत आहे. चाकणच्या कंपनीत ते स्टिकर लागलं आणि ज्ञानदेव नावाच्या ऑपरेटरनं साफसफाईआधी खात्रीसाठी म्हणून 'बंद' दाबलं. मशीन सुरू झालं. हात वेळेत निघाला, हातमोजा आत राहिला.

आबाजी दुकानात येऊन म्हणाले, "म्या काय बी मंजूर केलं न्हाई!" काकांनी रेकॉर्ड काढलं. दुपारी एक चाळीस, तुझा कॉम्प्युटर. "गिऱ्हाइकाच्या नावानं तूच दाबलंस व्हय, विजयश्री?" तू म्हणालीस, "नाही काका." मग माझ्याकडं बघितलंस. आणि मी म्हणालो, "मी तर बारा वाजल्यापासून दिघीला होतो."

हे एक वाक्य लिहायला पाच महिने लागले.

दिव्या सांगत होती, त्यानंतर भोसरीत तू तीन ठिकाणी काम मागायला गेलीस आणि तिन्हीकडं तुझ्याआधी ती गोष्ट पोचली होती, खोटी मंजुरी टाकणारी बाई म्हणून. मग तू गावी गेलीस. तुझं ते अक्षर, तुझी ती कीबोर्डवर कापड टाकायची सवय, सगळं तुझ्याबरोबर गेलं. मी मात्र कुठंही गेलो तरी माझ्याआधी कुठलीच गोष्ट पोचत नाही. मला कोण विचारतंय!

अजून एक राहिलं. वर लिहिलंय ना, आबाजींचं मला उलटं समजलं म्हणून? ते मी स्वतःलाही तसंच सांगत आलोय. पण फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले होते, "तुझं चित्र सांजच्याला बघतो रं." मला ऐकू आलं होतं, ताई. एवढ्या आवाजातही स्वच्छ ऐकू आलं होतं.

ठरवलं असं होतं की आधी तुला लिहायचं. काकांना नंतर सांगू, वेळ बघून.

थांब. कोण आलंय बघ. लक्ष्मणकाका! खरंच. त्यांचा स्टिकरच्या व्हिनाइलचा रोल संपलाय, आमच्या मालकाकडं मागायला आलेत. मला बघून म्हणाले, "आरं पज्या, तू हितं हायस व्हय? त्या विजयश्रीच्या जागी कोण टिकंना बघ. पोरगी हुशार, पण असं का केलं आसंल रं?" समोर बाकावर बसून चहा पितायत आणि मी त्यांच्यासमोर हे लिहितोय. विचारलं, काय लिहितोयस? म्हटलं, दाखवतो.

कप खाली ठेवला की हे कागद त्यांच्या हातात. पाकीट कोरंच ठेवलंय. त्यावरचा पत्ता त्यांच्या अक्षरात असेल तर त्यांनी वाचलं असं समज. माझ्या अक्षरात असेल तर मी पुन्हा दिघीला गेलो.

कप ठेवला त्यांनी.

या वेळी चौकटीत माझंच नाव,
प्रज्वल दत्तोबा सोनवणे