वेडाचा दाखला

कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय तारा,

घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. पत्र पाहून आधी तेच तुझ्या मनात येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. हातात फोन असताना पत्र कशाला, हेही विचारशील. फोनवर तू मध्येच ‘बरं, मग?’ म्हणालीस की माझी गाडी तिथंच अडते आणि मी पावसापाण्याचं बोलायला लागतो. कागद मध्ये बोलत नाही. भजनी मंडळातल्या पुष्पाबाईंचे जावई आज परतूरहून रेल्वेनं हैदराबादला निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय.

कापसाची वेचणी चालू आहे. तूर फुलावर आली आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती ऐकते थोडीच, सकाळी ओटी बांधून शेतात जाते. स्वराच्या चित्रकलेच्या परीक्षेचं काय झालं? तिला सांग, आजीनं तिच्यासाठी शेंगा भाजून ठेवल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या बाबानं संपवल्या.

आता दाखल्याचं. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय असा डॉक्टरचा दाखला दिला, तर विमानात गोंधळ घातल्याची तक्रार मागे घेऊ, असं आमच्या विमान कंपनीच्या वकिलांनी सुचवलं. तू धडपड करून संभाजीनगरच्या मानसोपचारतज्ज्ञांची कालची वेळ मिळवलीस. त्यासाठीच मी रजा टाकून इथं आलो. दाखला मिळालेला नाही. आम्ही डॉक्टरांपर्यंत पोचलोच नाही.

का, ते सांगतो. पण थोडं मागून येऊ दे.

त्या दिवसाचं तुला माहीत आहे तेवढं आधी. आईच्या भजनी मंडळाला काशी करायची होती. मुलगा विमानं दुरुस्त करतो म्हटल्यावर आईनं गावभर सांगून टाकलं होतं, ‘रेल्वेनं कशाला, आमच्या अंगदच्या विमानानं जाऊ.’ गावानं वाजतगाजत शिवेपर्यंत पोचवलं. घरोघरच्या बायकांनी गंगेत सोडायला, देवाला वाहायला काय काय दिलं. खण, नारळ, कुणी नवसाचा चांदीचा पाळणा. हैदराबादला सगळ्याजणी आपल्याकडे उतरल्या, तू हौसेनं पुरणपोळ्या केल्यास. दुसऱ्या दिवशी त्या विमानात बसल्या, आणि दार लागायच्या आत आई उभी राहून ओरडायला लागली, ‘उतरा, समदे उतरा, ह्याचं इंजिन खराब हाय!’

हवाईसुंदऱ्या समजावून दमल्या. शेवटी आख्खं मंडळ खाली उतरवलं, बोचकी उसकटली, चौकशी झाली. बाकीचे लोक बसून राहिले आणि थोड्या उशिरानं तेच विमान त्यांना घेऊन गेलं. कुणीतरी व्हिडिओ काढला होताच. तू बँकेतून धावत आलीस आणि त्या पोलीसबाईंसमोर आईला पोटाशी धरलंस. मी शेजारी उभा होतो. ‘आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं त्यांनी कितीदा विचारलं. आई एकच बोलत राहिली, ‘देवानं सांगितलं.’ तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

देवानं नाही, तारा. मी फोन केला होता.

हे वाक्य लिहून मी उठलो, म्हशीला पाणी दाखवलं आणि परत येऊन बसलो. पुसून टाकावंसं वाटत होतं. राहू दे.

इथं गावात काय चाललंय ते तुला कधी कळवलं नाही. शीव ओलांडून निघालेली काशी अर्ध्यातून परत आली, हे इथल्या बायकांना फार लागलंय. त्यांनी काशीहून परतल्यावरच्या मावंद्याच्या जेवणाची आमंत्रणंसुद्धा देऊन ठेवली होती. आई दिलेल्या वस्तू परत द्यायला घरोघर फिरली, पण कुणी हात लावेना. देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं? ते सगळं बोचकं देव्हाऱ्याखाली पडून आहे. नळावर पुष्पाबाई आईच्या तोंडावर म्हणाल्या, ‘सोता विमानाला भ्याली अन् आमची काशी बुडविली.’ आई कळशी भरून मुकाट्यानं घरी आली. पारावर आता तिला ‘येडी दुर्गा’ म्हणतात. एका शब्दानं तिला सुटता आलं असतं. पण तो शब्द म्हणजे माझं नाव होतं.

आता विमानाचं सांगतो. प्रत्येक इंजिनाला एक संगणकी डबा असतो. इंधन किती सोडायचं, जोर किती द्यायचा, ते तो ठरवतो. एका खेपेत बनलेल्या डब्यांना आतून चिरा जातात आणि उडता उडता इंजिनाचा जोर एकाएकी जाऊ शकतो, असं सापडलं. सरकारचा हुकूम निघाला. त्या खेपेतले डबे ठरलेल्या तारखेच्या आत बदला, त्यानंतर तसला डबा घेऊन एकही उड्डाण नको. आमच्या त्या विमानाच्या एका इंजिनाचा डबा बदलून झाला होता. दुसऱ्याचा नवा डबा आलाच नाही आणि मुदत संपली. मग नुसत्या उभ्या असलेल्या दुसऱ्या एका विमानाचा डबा काढून याला बसवला गेला. त्याच्यावरचा आकडा मी पाहिला. तो त्याच खराब खेपेतला होता.

राजानंद सर, आमचे पाळीप्रमुख, म्हणाले, ‘तो दुरुस्त होऊन आलाय, कागद मागून येतील. विमान उभं ठेवलं तर मी वर काय सांगू?’ माझ्या वडिलांचं, आबांचं, तुला सांगितलंय मी. मळणीयंत्र ऐन सुगीत बंद पडलं की ह्याचा पट्टा त्याला, त्याचं बेअरिंग ह्याला असं करून ते हंगाम काढायचे. मी त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकलो. चालतंय ना, मग चालू द्या. शिवाय मनाला समजावलं की एक इंजिन तर चांगलं आहे, एक बैल बसला तरी दुसरा गाडी घरी आणतो. कागदावर सही झाली. विमान प्रवासी चढायच्या दाराला लागलं. ते कुठल्या फेरीला दिलंय, हे फलकावर वाचलं. वाराणसी.

आईला फोन लावला. म्हटलं, ‘माय, छातीत दुखून राह्यलंय म्हण अन् खाली उतर. जल्दी.’

ती म्हणाली, ‘अन् पुष्पा? अन् ह्या समद्या?’

‘तू उतर आधी. इंजिन बराबर न्हाई.’

फोन बंद झाला. पुढचं तू व्हिडिओत पाहिलंसच.

आणि ते विमान अजून उडतंय. तू सारखी विचारायचीस ना, फोनमध्ये काय बघत बसतोस, कुणाशी बोलतोस? त्या विमानाच्या फेऱ्या बघत होतो. उतरलं दिसलं की जेवायचो.

कालचं सांगतो. गुडघे दाखवायला संभाजीनगरला जाऊ, असं मी आईला सांगितलं होतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली, पिशवीत दशम्या बांधून घेतल्या. तीर्थपुरीच्या स्टँडवर आम्ही बसची वाट बघत बसलो. तिथं ती म्हणाली, ‘गुडघ्याचा डाक्टर परतूरला बी हाय. मला येडी ठरवायला नेऊन राह्यलास, न्हाई का?’

मी मान खाली घातली.

‘आरं, मंग त्यात काय! लिहू दे त्याला काय लिहायचं ते. गाव म्हणूनच राह्यलंय. तुझी नोकरी राह्यली पायजे. तू माझा जीव वाचविलास, मी तुझ्यासाठी एवढं न्हाई करू?’ असं म्हणून तिनं दशमी मोडून माझ्या हातावर ठेवली.

तो घास मी तसाच हातात धरून बसलो. शेवटी बोललो, ‘माय, विमान चांगलं हाय असं लिहून देणारा मीच व्हतो. सही माझी हाय.’

तुलाही हे इथंच कळतंय. वर मी ‘सही झाली’ असं लिहिलंय. सही आपोआप होत नसते, तारा. मी केली, माझ्या हातानं, माझा परवाना क्रमांक घालून. आधी सही केली आणि मग आईला फोन केला.

आमची बस लागली, लोक चढले, बस गेली. मग आई म्हणाली, ‘मला वाटलं, दुसऱ्या कुणी केलं अन् तुला नंतर कळलं.’ पुढे म्हणाली, ‘माझ्या बाजूला एक बाई बसल्ती. मला तो पट्टा लावता येईना. तिनं वाकून माझ्या कमरंला बांधून दिला. म्हणली, भिऊ नका आजी. अन् तिला तिथंच ठिऊन मी छाती धरून उतरायचं? तिला कुणाचा फोन येणार व्हता?’

मी म्हटलं, ‘चुकलं माय.’

‘चुकलं न्हाई. तुला बराबर माहीत व्हतं. माहीत नसतं तर मला फोन कशाला केला असतास?’

मग तिनं विचारलं, ‘ते विमान आता कुठं हाय?’ मी सांगितलं, उडतंय. ‘रोज?’ मी म्हटलं, रोज. ती पिशवी उचलून उभी राहिली. ‘इतके दिस मी तुझ्यासाठी येडी झाले. आता बिलकुल न्हाई. ऊठ.’ रस्ता ओलांडून ती पिंपळगावच्या जीपमध्ये जाऊन बसली. घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मला तिची भीती वाटली. लहानपणीसुद्धा कधी वाटली नव्हती.

आज सकाळी हवाई सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाला सगळं लिहून पाठवलं. डब्यावरचा आकडा, विमानाचा क्रमांक, कुणी काय सांगितलं, सगळं. मग फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘प्रमाणपत्रावर सही कुणाची आहे?’ या वेळी नाव सांगायला वेळ लावला नाही. विमान तेव्हा हवेत होतं, बेंगळुरूहून परत येत होतं. उतरलं की तिथंच थांबवू, असं त्या म्हणाल्या. ते उतरेपर्यंत हाताला काही काम हवं म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पानावरचं अक्षर असं वेडंवाकडं का आलंय, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. शेंगांचं आणि तुरीचं मी लिहीत होतो तेव्हा ते आभाळात होतं.

दुपारी

उतरलं. कार्यालयातून फोन आला, विमान थांबवलंय, डबा काढून तपासायला नेताहेत. मी अंगणात बसून रडलो. शेजारच्या नंदाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं.

पाठोपाठ राजानंद सरांचा फोन आला. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, ‘अंगद, मलाही दोन पोरी आहेत रे.’ मी म्हटलं, ‘सर, मलाही एक आहे.’

परवाना जाईल. गुन्हाही दाखल होईल. स्वराला काय सांगायचं, तुझ्या आईबाबांना काय सांगायचं, आपण राहायचं कुठं, यातलं मला काहीच सुचत नाही. तू आईला वेडी समजलीस ती माझ्यामुळे. तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुझ्या शेजारी झोपत होतो, रोज तुझ्या हातचं जेवत होतो, आणि तू डॉक्टर शोधत असताना मीच तुला नंबर शोधून दिला. माझा राग आला तर तो खुशाल येऊ दे, मी तुला समजावायला येणार नाही. पण आईला एक फोन कर. दाखल्याचं राहू द्या, एवढंच म्हण. तुझ्याबद्दल तिनं एकही वावगा शब्द काढलेला नाही.

संध्याकाळी मंडळाच्या बायकांना मारुतीच्या देवळात बोलावलंय. दुर्गाबाई विमानाला भ्याली नव्हती, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पुष्पाबाईंना जोडा काढावासा वाटला तर मी अडवणार नाही.

विमान थांबल्याचं सांगायला मघाशी शेतात गेलो होतो. आई ओळीत वाकलेली होती. म्हटलं, ‘थांबलं, माय.’ तिनं विचारलं, ‘लोकं उतरले का समदे?’ म्हटलं, ‘समदे.’ ती पुन्हा वाकली. कालपासून पहिल्यांदाच मला काम लावत म्हणाली, ‘मंग उभा काय राह्यलास? ही ओळ तू घे.’

तिथं जातो आता. तुझं उत्तर येईल की तू येशील की काहीच येणार नाही, ते तू ठरव. माझ्या सहीवर यापुढे एकही विमान सुटणार नाही, पण ही खालची खरी आहे.

तुझा,
अंगद