पाचव्या मजल्यावरचं फाइन

प्रिय मने,

अनेक आशीर्वाद.

ठकीचा खोकला थांबला का? निजताना छातीला तेल चोळ आणि कानटोपी घाल, तिनं कितीही आदळआपट केली तरी. तुझी कंबर कशी आहे? दुकानात दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणाली होतीस, तर घरी आल्यावर ते उशीवर ठेवत जा. ठकीला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजींचा गुडघा काय म्हणतो? जावईबापूंची तब्येत विचारावी की नाही ते कळेना, म्हणून पेन तसंच धरून बसलो होतो. विचारतो. माणूस वेगळ्या खोलीत राहायला गेला म्हणून त्याला पडसं होत नाही असं थोडंच आहे.

आता एक विनंती. यातल्या एकाही प्रश्नाला ‘फाइन’ असं उत्तर देऊ नकोस.

हसशील. बाप उभा जन्म दवाखान्याच्या लिफ्टमध्ये बटणं दाबत आला आणि म्हातारपणी इंग्रजीचा मास्तर झाला. पण माझं जे काही इंग्रजी आहे ते त्या लिफ्टनंच शिकवलं. पाट्या वाचल्या, कानावर पडेल ते उचललं, आणि हा शब्द जितका कानावर पडला तितका दुसरा कुठलाच नाही. कुणीतरी विसरून गेलेली डिक्शनरी माझ्या स्टुलाखाली असते ना, तिच्यात बघितलं. बारीक, तलम, उमदा, हवेला म्हटलं तर स्वच्छ, कायदा मोडला तर दंड, आणि मग कुठेतरी ठीक, बरा. एवढ्याशा शब्दाचं गणगोत बघून थक्क झालो. पण आमच्याकडे त्याचा अर्थ मजल्यावर ठरतो. प्लास्टर काढून तळमजल्यावरून निघालेला माणूस फाइन म्हणतो, त्यात ठणठणीत, खडखडीत, मजेत असं सगळं येतं. दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणी असतात, तिथलं फाइन दमलेलं असतं पण हसत असतं. पाचव्या मजल्यावरून खाली येणारी माणसं फोनवर फाइन म्हणताना भिंतीकडे तोंड करतात. मी तेव्हा बटणांकडे बघतो.

आपल्या ‘बरं आहे’ला निदान शेपूट असतं. बरं आहे, पण झोप नाही. बरं म्हणायचं. चाललंय आपलं ढकलगाडीसारखं. ऐकणाऱ्याला आत पाऊल टाकायला फट राहते. फाइन म्हणजे पातेल्यावरचं झाकण. आत काय करपतंय ते वास सुटेपर्यंत कळत नाही.

तुझ्या आईला मी किती शब्द शिकवायला गेलो. ‘शर्टांना काजं करायला इंग्रजी लागत नाही,’ म्हणून तिनं मला उडवून लावलं. हा एक मात्र तिनं तुझ्याकडून उचलला. तू परगावी गेलीस आणि फोनवर म्हणायला लागलीस, आई, मी फाइन. मग तीही म्हणायला लागली, मीपण फाइन. शेजारणी वाटीभर साखरेची देवघेव करतात तशी तुम्ही मायलेकी त्या शब्दाची करता, आणि वाट्या दोन्ही रिकाम्या.

मने, तुझी आई गेल्या महिन्यापासून घरी नाही. पाचव्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर आहे. तुझ्या फोनची वेळ झाली की आधी पाणी पिते, मला उशा नीट लावायला सांगते, ताठ बसते, घसा साफ करते आणि मग बोलते. फोन ठेवला की लगेच आडवी होते. परवा मागे भांडी वाजली म्हणून घरी कोण आलंय असं तू विचारलंस, ती जेवणाची गाडी होती. जीभ मात्र अजून तशीच आहे. नर्सला म्हणते, ‘लिफ्टवाल्याची बायको मी, वर जायला मला जिने चढावे लागणार नाहीत.’ नर्स हसली. मी पंख्याकडे बघत बसलो.

‘पोरीला कळवलंत तर याद राखा,’ असा दम दिलाय तिनं मला. वर म्हणाली, ‘तिचं तिला काय कमी आहे?’ मी गार पडलो. गेल्या खेपेला गाडीच्या खिडकीतून तू मला जावईबापूंचं सांगितलंस आणि शपथ घातलीस, त्यातला चकार शब्द मी तिच्यापाशी काढलेला नाही. तुला कसं कळलं, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘आयुष्यभर कापड चिमटीत धरून ओळखलं मी. लेकीचा आवाज ओळखणार नाही? जावईबापूंचं विचारलं की तिचं फाइन जरा लवकरच येतं.’ म्हणजे झाकणं दोन, आणि दोन्ही दाबून धरून बसलेला मी.

काल डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये एकट्याच होत्या. आमच्या बाई कशा आहेत, असं मी विचारलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला तोच शब्द हवा होता. खोटा, पोकळ, कसाही चालला असता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘काका, मुलीला बोलावून घ्या. उशीर नका करू.’ त्या उतरल्या. दार लावायचं मला सुचलं नाही. खालून घंटी वाजत राहिली.

वॉर्डबॉयच्या फोनवरून मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू ‘बाबा, कसे आहात?’ विचारलंस आणि माझ्या तोंडून तोच शब्द निघाला. म्हणून हे पत्र. लिहिताना तरी हात खोटं बोलत नाही. आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उद्या सकाळी तुझ्या गावी पेशंटला सोडायला येतोय, त्याच्या हाती देतोय. ठकीला घेऊन ये. आल्यावर आईला कशी आहेस असं विचारू नकोस, ती काय सांगेल ते तुला माहीत आहे. तिच्या खाटेवर बस आणि तुझं जे काही असेल ते सांग, रडायचं असेल तर रड. लेकीचं दुखणं ऐकून घ्यायची ताकद तिच्यात अजून आहे. फाइन ऐकायची उरलेली नाही.

ड्रायव्हर तुझ्या दुकानाबाहेर थांबेल. एखाद्या पाठकोऱ्या बिलावर का होईना, कुठल्या गाडीनं निघतेस तेवढं लिहून लगेच त्याच्या हातात दे. तो परत येईपर्यंत मी लिफ्ट तळमजल्यावरच लावून ठेवतो.

तुझाच,
बाबा